जुन्या बिलांचा ताळा : जँगो १.११ वरून ४.२ वर जाताना

मे २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात होस्टिंगवाल्यांचा मेल आला. आमचा सर्व्हर उबंटू १६.०४ या ऑपरेटिंग सिस्टीमवर होता आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट एप्रिल २०२१ मध्येच संपला होता. ३१ मार्च २०२४ नंतर ही मशिनं बंद होतील, तोवर तुमचं बिऱ्हाड हलवा, एवढाच मजकूर. मी मेल बाजूला टाकला आणि तीन आठवडे त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. खोटं कशाला बोला, भीती वाटत होती.

आम्ही कोल्हापूर भागातल्या ६३ प्राथमिक दूध संस्थांचं संकलनाचं आणि बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. आम्ही म्हणजे मी आणि दीड वर्षापूर्वी लागलेली एक ज्युनियर. २०१२ साली ज्या दोघांनी ते लिहिलं ते केव्हाच दुसरीकडं गेले. भाषा पायथन २.७, तिच्यात वेब सॉफ्टवेअर बांधायचा तयार सांगाडा जँगो १.११, डेटाबेस मायएसक्यूएल ५.७, साधारण चौदा हजार ओळी. पायथन २ चा कारभार १ जानेवारी २०२० ला आटोपला, जँगो १.११ चा त्याच वर्षी एप्रिलमध्ये. म्हणजे तीन वर्षं आम्ही इन्शुरन्स संपलेली गाडी हायवेला पळवत होतो.

टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम, होत्या का? होत्या की, तीन होत्या. त्यातली एक ‘एक अधिक एक बरोबर दोन’ हे तपासणारी. जुन्या जँगोत नवीन ॲप तयार केलं की नमुना म्हणून ती आपोआप यायची. अकरा वर्षं ती न चुकता पास होत होती.

दुधाचा हिशोब ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्यांत दूध येतं. प्रत्येक नोंदीत लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग). गाईसाठी ३.५ आणि ८.५, म्हशीसाठी ६.० आणि ९.० हा पाया धरून दरपत्रक बनतं, आणि फॅटच्या एकेका पॉइंटला दर वर-खाली होतो. दर दहा दिवसांनी बिल : १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. त्यातून पशुखाद्य, उचल, बँकेचा हप्ता अशा कपाती. उरलेली रक्कम पूर्ण रुपयात. हा सगळा नियम कुठं लिहून ठेवलेला नाही. कोडमध्ये आहे, आणि संस्थांच्या सचिवांच्या डोक्यात आहे.

१२ जूनला मी सुरुवात केली, तीही चुकीची. नवीन ब्रँच (कोडची वेगळी प्रत) काढली, पायथन ३.१० घेतलं, रिक्वायरमेंट्सच्या फाइलीत १.११ खोडून ४.२ लिहिलं आणि सर्व्हर चालू केला. पहिली चूक दिसली, ती दुरुस्त केली की दुसरी. आमचा कोड ज्यांवर उभा होता त्या गोष्टीच नवीन जँगोत बदललेल्या. ‘कोअर’मधलं यूआरएल-रिझॉल्व्हर्स २.० मध्येच गेलेलं. फॉरेन-की ला (एका टेबलाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या दुव्याला) ऑन-डिलीट, म्हणजे मूळ नोंद पुसली तर जोडलेल्या नोंदींचं काय करायचं ते, सांगणं सक्तीचं झालेलं. ‘सिक्स’ची मदत ३.० मध्ये काढलेली, टेम्प्लेटमधला (पानाच्या साच्यातला) ‘लोड स्टॅटिकफाइल्स’ही तेव्हाच. यू-गेटटेक्स्ट आणि जुनं यूआरएल फंक्शन ४.० मध्ये गेलं. तीन दिवस उंदीर मारल्यासारखा एकेक एरर मारत बसलो. चौथ्या दिवशी लॉगिनचं पान उघडलं, बिलाचं पानही उघडलं. बिलावर २,३१२ रुपये आले होते. बरोबर होते का? मला काय माहीत! आकडा बरोबर आहे हे सांगायला माझ्याकडं काहीच नव्हतं. ब्रँच डिलीट केली आणि घरी गेलो.

जुलैतल्या एका शनिवारी पुण्यात पायथनवाल्यांच्या मेळाव्याला गेलो. एसटीनं जाऊन-येऊन सातशेच्या आसपास गेले, आणि पहाटे निघून रात्री उशिरा परत. असल्या ठिकाणी आपण गावंढळ ठरू असं वाटून मी आधी कधी गेलो नव्हतो. तिथं निम्मे लोक माझ्यासारखेच भिंतीला टेकून उभे होते. एकजण मशीन लर्निंगवर बोलला, ते डोक्यावरून गेलं. चहाच्या वेळी एका ताईंशी बोलणं झालं. २०११ ची पायकॉन इंडिया (पायथनवाल्यांची देशपातळीवरची परिषद) पुण्यात भरली होती, तेव्हापासून त्या येतात. मी माझं रडगाणं गायलं : टेस्ट नाहीत, नियम लिहिलेले नाहीत, आधी टेस्ट लिहू म्हटलं तर बरोबर उत्तर काय तेच ठाऊक नाही.

त्यांनी विचारलं, “जुनी बिलं आहेत ना तुमच्याकडे? वाटलेली, सह्या झालेली?”

“आहेत. तीन-चार वर्षांची तर नक्कीच.”

“मग उत्तरपत्रिका आहे की तुमच्याकडे. कोड बरोबर की चूक ते आत्ता ठरवूच नका. आज तो जे काढतो तेच बरोबर असं धरा, चुकीसकट. नवीन कोडनं पैशापर्यंत तेच काढलं पाहिजे. चुका नंतर दुरुस्त करा, पण अपग्रेड करताना नाही.”

त्यांनी याला इंग्रजी नावही सांगितलं, पण मी त्याला ताळा म्हणतो. आमच्या आजोबांच्या किराणा दुकानात रोज रात्री व्हायचा तोच. परतताना स्वारगेटला बस लागायला सव्वा तास उशीर झाला आणि त्या सव्वा तासात वहीत सगळा आराखडा लिहून झाला. पायऱ्या अशा : पायथन २.७ वरून ३.६ वर, पण जँगो १.११ च ठेवून (दोन्हीकडं चालणारा हा शेवटचा जँगो, म्हणून तोच पूल). मग २.२, मग ३.२, मग ४.२. एका दीर्घ-सपोर्ट आवृत्तीवरून पुढच्या अशा आवृत्तीवर, मध्ये उडी नाही. एकदम लांब उडी न मारता आवृत्ती-आवृत्तीनं चढा असं जँगोवाले स्वतःही सांगतात, पण मी जूनमध्ये ते पान वाचलंच नव्हतं.

ताळ्यासाठी खरा डेटा हवा आणि तो आमचा नाही, संस्थांचा. इथं अडीच महिन्यांतले पाच आठवडे गेले. दूध संघाला पत्र दिलं, दोन प्रती, आवक नंबर घेऊन. आठ दिवसांनी कळलं की हा विषय संचालक मंडळाच्या मासिक सभेत घ्यावा लागेल आणि या महिन्याची सभा कालच झाली. पुढच्या सभेत ठराव झाला, पण त्याची नक्कल मिळायला आणखी सहा दिवस. तुम्हाला असं काही करायचं असेल तर पत्र पहिल्याच आठवड्यात द्या, कोडला हात लावायच्या आधी. आणि पत्रात स्पष्ट लिहा की नावं, मोबाईल आणि बँक खाती बदलूनच डेटा वापरू. आम्ही ते लिहिलं नव्हतं, सभेत पहिला प्रश्न तोच आला. नावं बदलली, पण देवनागरीतच ठेवली आणि लांबीही साधारण तेवढीच. हे किती बरं केलं ते पुढं कळलं.

चार संस्था निवडल्या, २०२० ते २०२३ मधले बारा दशक. (दहा दिवसांच्या तुकड्याला आमच्याकडं कोडमध्ये ‘दशक’ म्हणतात, का कोण जाणे.) २०२० चा फेब्रुवारी मुद्दाम घेतला, २९ तारखेसाठी. एकूण आठ हजार तीनशेच्या वर बिलं.

ऑगस्टमध्ये ताळ्याची पहिली टेस्ट चालवली. अजून काहीच बदललं नव्हतं, जुन्याच पायथनवर जुनाच कोड. पहिल्या संस्थेच्या पहिल्या दशकात १७२ बिलं, त्यातली १०४ जुळेनात. मी खुर्चीतच बसून राहिलो. जुना कोड स्वतःशीच जुळत नाही म्हटल्यावर करायचं काय? दोन दिवसांनी ज्युनियर म्हणाली, “सर, न जुळणारी सगळी म्हशीची आहेत.” तिथून उलगडलं. दर बदलला की दरपत्रकाच्या त्याच ओळींवर नवीन आकडे टाकले जात, जुने पुसले जात. गाईचा दर त्या संस्थेत अलीकडं पुसला गेला नव्हता, म्हशीचा तीनदा पुसला होता. बिल एकदा निघालं की रक्कम साठवलेली असते, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता जुनी दरपत्रकं आणायची कुठून? त्या संस्थेच्या सचिवांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्याकडं गेलो. त्यांनी टेबलाचा खालचा ड्रॉवर ओढला. संघाकडून आलेलं प्रत्येक दरपत्रक, तारखेसकट, सुतळीनं बांधलेलं. “कॉम्प्युटरचा काय भरवसा,” म्हणाले आणि चहा मागवला. त्या गठ्ठ्याचे फोटो काढून आम्ही दोघांनी नऊ दिवसांत सगळे दर टाइप केले. बाकी तीन संस्थांनाही तेच लागू पडले. ३१ ऑगस्टला आठ हजारांवर बिलं जुन्या कोडवर एकूण एक जुळली. या सगळ्या आठ महिन्यांत मला सर्वांत जास्त आनंद झाला तो त्या संध्याकाळी, आणि तोवर अपग्रेडची एक ओळसुद्धा बदलली नव्हती.

एक व्यवहाराची गोष्ट. ही टेस्ट सुरुवातीला २६ मिनिटं घ्यायची, कारण प्रत्येक टेस्टआधी सगळा डेटा पुन्हा भरला जायचा. सेटअप-टेस्ट-डेटा या पद्धतीत तो टेस्टच्या एका गटाला (वर्गाला) एकदाच भरला जातो, आणि जँगोचा टेस्टकेस प्रत्येक टेस्टनंतर डेटाबेसमधले बदल मागे फिरवतो. एवढ्या बदलानं वेळ चार मिनिटांच्या आत आली. २६ मिनिटांची टेस्ट माणूस दिवसातून एकदा चालवतो, चार मिनिटांची दर तासाला.

सप्टेंबर. पायथन ३. हा टप्पा बाकी सगळ्यांपेक्षा अवघड होता. २-टू-३ नावाचं साधन पुष्कळ काम उरकतं, प्रिंट, युनिकोड, डिक्शनरीच्या पद्धती वगैरे. पण भागाकाराला ते हात लावत नाही, आणि लावूही शकत नाही, कारण तुमच्या मनात काय होतं ते त्याला कसं कळणार? आमच्याकडं दशक ठरायचं ते असं : तारखेतून एक वजा, भागिले दहा. पायथन २ मध्ये ५ तारखेला शून्य यायचं, १५ ला एक, २५ ला दोन. पायथन ३ मध्ये ५ तारखेला ०.४. आणि ०.४ क्रमांकाच्या दशकात दूध घालणारा कुणीच नसतो, त्यामुळं बिलं निघाली ती सगळी कोरी. हे निदान ढळढळीत दिसलं. दुहेरी तिरकी रेघ (अपूर्णांक सोडून देणारा भागाकार) घातली, मिटलं.

मग नावांचं. जुन्या कोडमध्ये भीतीपोटी जागोजागी यूटीएफ-८ मध्ये एन्कोड केलेलं, म्हणजे अक्षरांचे कच्चे बाइट केलेले होते. पायथन ३ मध्ये बिलावर सभासदाच्या नावाच्या जागी बी आणि पुढं बॅकस्लॅश-एक्स-ई-शून्यांची माळ. टेस्टमध्ये नावं रोमन करून टाकली असती तरी बी दिसलाच असता, पण नाव बऱ्यापैकी वाचता आलं असतं आणि आम्ही कदाचित दुर्लक्ष केलं असतं. शिवाय एके ठिकाणी नाव वीस जागांत बसावं म्हणून कापलं जायचं. पायथन २ मध्ये ते बाइट्समध्ये मोजलं जात होतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइटचं. म्हणजे वीस जागांत फक्त सहा चिन्हं आणि सातव्याचा तुकडा. डॉट मॅट्रिक्सवर काही नावांच्या शेवटी जो चौकोन यायचा आणि ज्याला आम्ही अकरा वर्षं प्रिंटरचा दोष म्हणत होतो, तो हा.

आणि मग रुपया. सगळं जुळलं, फक्त ४१ बिलं राहिली. प्रत्येकात बरोब्बर एक रुपया कमी. पुन्हा ज्युनियरनंच पकडलं, “सर, नवीन आकडे बघा, सगळे सम आहेत.” पायथन २ मध्ये साडेबाराशेवर पन्नास पैसे आले की राउंड वरच्या रुपयाला न्यायचं. पायथन ३ मध्ये बरोबर अर्ध्यावर असलेली रक्कम जवळच्या सम संख्येकडं जाते. २,३१३.५० चे दोन्हीकडं २,३१४ च होतात, पण २,३१२.५० चे पूर्वी २,३१३ व्हायचे, आता २,३१२. जूनमध्ये माझ्या स्क्रीनवर आलेले ते २,३१२ आठवले आणि पोटात गोळा आला. आता डेसिमलला (पायथनच्या अचूक दशांश आकड्याला) ‘अर्धा वर’ हा नियम स्पष्ट सांगून गोल करतो. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “एक रुपया कमी आला असता तर सकाळी सातला संस्थेच्या दारात माणूस उभा असता बघ.”

पायथन २ मध्ये रिकामी किंमत आणि आकडा यांची तुलना चालायची, ३ मध्ये चालत नाही. फॅट न लागलेल्या नोंदी क्रमाने लावताना हे फुटलं. मायएसक्यूएलचा जुना चालक (पायथनला डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर) पायथन ३ वर चालत नाही, त्याची मायएसक्यूएल-क्लायंट ही शाखा घ्यावी लागली. हे किरकोळ.

ऑक्टोबरमध्ये १.११ वरून २.२. हे बारा दिवसांत झालं. पायथनला डब्ल्यू-ए हा पर्याय देऊन टेस्ट चालवल्या की पुढं काय काय जाणार आहे त्याच्या सूचना दिसतात, एरवी त्यातल्या पुष्कळ लपलेल्या असतात. आमचा नियम : सूचना शून्यावर आल्याशिवाय पुढच्या आवृत्तीला हात नाही. ५७ फॉरेन-कींना ऑन-डिलीट लिहायचं होतं. प्रत्येक ठिकाणी विचार करावासा वाटतो. दरपत्रक डिलीट केलं तर त्याच्या सगळ्या संकलन नोंदी जाव्यात हे कुणाला पटेल? पण पूर्वी न सांगता तेच होत होतं, म्हणून सगळीकडं कॅस्केडच (जोडलेल्या नोंदीही पुसा) लिहिलं आणि खटकलेल्या जागांची वेगळी यादी केली. ताईंचं वाक्य आठवत होतं. त्या यादीवर मार्च २०२४ मध्ये काम चालू होतं.

एक्सेल काढून देणारी एक छोटी लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) इथं अडली. २०१७ नंतर तिच्याकडं कुणी बघितलेलं नव्हतं. गिटहबवर (कोड ठेवायच्या आणि वाटायच्या साइटवर) गेलो तर आम्हाला हवी होती तीच दुरुस्ती कुणीतरी २०१९ मध्ये करून पाठवलेली, चार वर्षं तशीच पडून. खाली अकरा लोकांनी ‘मलाही हवंय’ म्हणून अंगठे दाखवलेले. ती दुरुस्ती घेऊन, परवान्याचा मजकूर तसाच ठेवून, लायब्ररी आमच्याच कोडमध्ये आणली. त्या अनोळखी माणसाला तिथंच आभार लिहिले. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं की तो आता पायथनमध्ये कामच करत नाही, पण वाचून बरं वाटलं.

याच महिन्यात गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबच्याच मशिनींवर) प्रत्येक पुशला, म्हणजे कोड वर चढवला की, टेस्ट चालवायला लावल्या. खासगी रिपॉझिटरीला (कोडच्या साठ्याला) फुकट खात्यात महिन्याला २,००० मिनिटं मिळतात, आमची १९ तारखेलाच संपली. क्रोम उघडून बटणं दाबणाऱ्या सहा सेलेनियमच्या टेस्ट होत्या, त्यांनी खाल्ली. त्या आता फक्त रात्री एकदा चालतात. ज्यांचं बजेट आमच्याएवढं आहे त्यांनी ब्राउझरच्या टेस्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच ठेवाव्यात.

नोव्हेंबरात दिवाळी. दिवाळीआधी दरफरकाची रक्कम वाटतात, वर्षातलं सगळ्यात मोठं बिल. १ ते २० नोव्हेंबर आम्ही काहीच केलं नाही, आणि ते शहाणपणाचं होतं.

डिसेंबरात ३.२ वर आलो. जुन्या आयडींचा प्रकार बदलू नये म्हणून डिफॉल्ट ऑटोफील्ड जुनाच ठेवला. चार-पाच दिवसांचं काम. इथं थांबलो असतो तर बरं, पण मला ऊत आला. आपण सगळं सुधारतोच आहोत तर वेळक्षेत्राचं भानही नीट करू म्हणून यूज-टीझेड ही जँगोची सेटिंग चालू केली. टेस्ट पास झाल्या. रात्री एकला घरून एक किरकोळ बदल ढकलला, तर अकरा टेस्ट नापास. सकाळी दहाला काही न बदलता पुन्हा चालवल्या, पास. पुढच्या रात्री पुन्हा नापास. मला आधी ॲक्शन्सचाच संशय आला.

झालं होतं असं : आजची तारीख काढताना मी जी पद्धत वापरली ती यूटीसीतली (जागतिक प्रमाणवेळेतली) तारीख देते. आपण साडेपाच तास पुढं. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ती कालचीच तारीख सांगते. सरकारी कचेरीच्या सॉफ्टवेअरला हे जन्मात कळलं नसतं. आमच्याकडं दूध पहाटे पाचला यायला लागतं. पाच ते साडेपाचमधलं दूध आदल्या दिवसात गेलं असतं, आणि दर १, ११ आणि २१ तारखेला आदल्या दशकात, जिथं बिल निघून गेलेलं.

लोकलडेट (स्थानिक तारीख देणारी पद्धत) वापरून हे सुटतं, पण त्याहून मोठा खड्डा पुढं होता. मायएसक्यूएलमध्ये तारीख-वेळ क्षेत्राशिवाय साठवली जाते. आमच्या जुन्या सगळ्या नोंदी भारतीय वेळेत. यूज-टीझेड चालू केलं की जँगो त्यांना यूटीसी समजणार, म्हणजे अकरा वर्षांच्या नोंदी साडेपाच तास पुढं सरकणार. स्थलांतराचा कोड कसा लिहावा म्हणून जँगोच्या डिस्कॉर्डवर (जँगोवाल्यांच्या ऑनलाइन गप्पांच्या जागी) मोडक्या इंग्रजीत लांबलचक प्रश्न टाकला. तासाभरात एकाचं उत्तर आलं, उत्तर नव्हे, उलट प्रश्नच : तुमच्या सगळ्या संस्था एकाच वेळक्षेत्रात असतील तर तुम्हाला हे हवंय कशाला? मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि लिहायला काही सापडेना. यूज-टीझेड बंद केलं, सेटिंगमध्ये तसं स्पष्ट लिहून ठेवलं, कारण ५.० पासून न सांगितल्यास ते चालू धरलं जातं. नऊ दिवस गेले ते गेले.

जानेवारी २०२४. ४.२ ला मायएसक्यूएल ८ लागतं, ५.७ चालत नाही. नवीन सर्व्हर घेतला, महिना ११०० रुपये, उबंटू २२.०४, त्यात पायथन ३.१० आणि मायएसक्यूएल ८ दोन्ही तयारच मिळतात. जुन्या टेबलांचं कोलेशन (अक्षरांची तुलना करायचे नियम) एक, नवीन टेबलांचं दुसरं, त्यामुळं जोडणी करताना ‘कोलेशनची सरमिसळ’ म्हणून क्वेरी फुटायच्या. सगळी टेबलं एकाच कोलेशनवर आणून ठेवली. इझ-एजॅक्स (पान न बदलता आडून आलेली विनंती ओळखणारं) ४.० मध्ये काढलेलं, ते पाच ठिकाणी बदललं. टेम्प्लेटमधला, दोन किमती सारख्या आहेत का बघणारा इफ-इक्वल टॅगही ४.० मध्ये गेला, तो साध्या इफमध्ये बदलला. हे लक्षात असू द्या, पुढं येतंय.

महिन्याच्या शेवटी पुन्हा पुण्याला जाऊन मेळाव्यात दहा मिनिटं या रुपयाच्या गोष्टीवर बोललो. हात थरथरत होते. ताई आल्या नव्हत्या.

१ ते १० फेब्रुवारी दोन्ही सर्व्हर समांतर चालवले. संकलनाच्या नोंदी दोन्हीकडं जात, बिलं दोन्हीकडं काढली, फरक शून्य. बदलीसाठी संघाकडून लेखी परवानगी घेतली : शनिवार १० फेब्रुवारी, रात्री १० ते पहाटे ४. दशक संपतं आणि नवीन सुरू होतं त्या रात्री. जँगो अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात एका दैनिकाच्या कचेरीत जन्मलं, २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. अंक छापायला जायची वेळ टळत नाही हे त्याच्या रक्तात आहे म्हणतात. म्हशीचीही टळत नाही.

डेटाबेस हलला, डीएनएस (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरवर न्यायचं ती नोंद) बदलला, पावणेदोनला नवीन सर्व्हर उघडला. लॉगिन केलं तर ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला. सगळ्या टेस्ट हिरव्या आणि लॉगिनच होईना! ज्युनियर फोनवर, मी ऑफिसात, दोघांनाही सुचेना. सीएसआरएफ (परक्या साइटवरून खोटी विनंती येऊ नये म्हणून असलेली तपासणी) एवढं कळत होतं. ४.० पासून जँगो ओरिजिन हेडर, म्हणजे विनंती कुठल्या पत्त्यावरून आली ते सांगणारी ओळ, तपासतं. आमचं एचटीटीपीएस एन्जिनएक्सपाशी (जँगोच्या पुढं दाराशी बसणाऱ्या वेब सर्व्हरपाशी) संपतं आणि आत जँगोला साधं एचटीटीपी दिसतं, म्हणून दोन पत्ते जुळत नव्हते. विश्वासू पत्त्यांच्या यादीत आमचा पत्ता एचटीटीपीएससकट लिहिला (४.० पासून तो पूर्ण लिहावा लागतो), प्रॉक्सीचं हेडर सांगितलं आणि दार उघडलं. पहाटेचे ३:१०. समांतर चालवताना का नाही दिसलं? तेव्हा आम्ही नवीन सर्व्हरवर थेट पोर्टवरून जात होतो, एन्जिनएक्स मध्ये नव्हतंच. आणि टेस्टमध्ये का नाही दिसलं? जँगोचा टेस्ट-क्लायंट मुळात सीएसआरएफ तपासतच नाही, सांगितलं तरच तपासतो. आता लॉगिनची एक टेस्ट ते सांगून चालते.

५:०४ ला पहिली नोंद आली. म्हैस, ४.२ लिटर, फॅट ६.८. त्या नोंदीची तारीख मी चारदा बघितली.

२१ फेब्रुवारीला नवीन सर्व्हरवरची पहिली बिलं निघाली. पावणेआठला अण्णांचा फोन.

“बिलं निघाली रे. आकडे बरोबर हायत.”

“हां अण्णा.”

“पण ते मधी तुटक तुटक रेघ यायची, कात्री मारायला, ती कुठं गेली? पोरगं अंदाजानं कापतंय, दोघांची नावं गेली अर्धी.”

एका कागदावर तीन बिलं येतात, त्यांच्यामध्ये ती रेघ. इफ-इक्वल बदलताना एक अट उलटी लिहिली गेली होती, त्यामुळं रेघ फक्त कागदाच्या तळाशी यायची, जिथं तिचा काही उपयोग नाही. आठ हजार बिलांचे पैसे आम्ही पैशापर्यंत ताडून बघितले, कागद कुणी बघितलाच नाही. दुपारपर्यंत दुरुस्त केलं आणि रेघेची टेस्ट लिहिली. ती २१३ वी.

१ मार्चला, २१ ते २९ च्या बिलांवर, रेघ आपल्या जागी होती.